मामाही अंकल, काकाही अंकल: नात्यांचं इंग्रजी कसं शिकावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिक्षण मराठी माध्यमातून झालं, वय पन्नाशीच्या पुढे, मुलगा परदेशी मुलीशी लग्न करतोय आणि आता तिच्या घरच्यांशी बोलायची वेळ आली आहे. नात्यांच्या इंग्रजी शब्दांची यादी तुम्ही दोनदा पाठ केलीत आणि दोन्ही वेळा आठवड्याभरात विसरलात. त्यात मामा, काका, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान अशा सगळ्यांपुढे एकच शब्द पाहून गोंधळलात. ‘एवढंच आहे का? मग नेमकं नातं सांगायचं कसं?’ असं तुम्ही विचारलंय.

मी गेली २२ वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते, आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वर्गात येतो. तुमची स्मरणशक्ती ठीक आहे. मराठी शब्दांची यादी डावीकडे आणि इंग्रजी शब्द उजवीकडे, असं पाठांतर नात्यांच्या बाबतीत टिकतच नाही, कारण दोन्ही भाषांनी माणसांच्या वाटण्या वेगळ्या केल्या आहेत. डावीकडे तीस-चाळीस शब्द आणि उजवीकडे तेच पाच-सहा शब्द फिरून फिरून आले, तर मनाला पकडायला काहीच मिळत नाही.

म्हणून यादी बाजूला ठेवा. मुळात शब्द तेराच लागतात. मदर, फादर, ब्रदर, सिस्टर, सन, डॉटर, हजबंड, वाइफ हे आठ घरातले. अंकल, आंट, नेफ्यू, नीस, कझिन हे पाच थोडे लांबचे. त्यांना लागणाऱ्या जोड पाच: ग्रँड, ग्रेट, इन-लॉ, स्टेप आणि हाफ. बाकी जवळजवळ सगळं या तेरा शब्दांतून आणि पाच जोडांतून तयार होतं. फादरला ग्रँड लावलं की आजोबा, त्याला आणखी ग्रेट लावलं की पणजोबा, आणखी एक ग्रेट लावलं की खापरपणजोबा. खालच्या पिढ्यांनाही तेच: ग्रँडसन म्हणजे नातू, ग्रेट-ग्रँडसन म्हणजे पणतू. ग्रँड एकदाच लागतो आणि पुढची प्रत्येक पिढी एकेक ग्रेट वाढवते. आणि आई-वडील दोघांना मिळून पेरेंट्स, मुलांना मिळून चिल्ड्रन. एक मूल असेल तर चाइल्ड. ‘चिल्ड्रन्स’ असं अनेकवचन होत नाही. मुलं चाळिशीची झाली तरी आई-वडिलांसाठी ती चिल्ड्रनच.

आता मामा आणि काकाचा प्रश्न. माझे विद्यार्थी इथे अगदी दुखावतात. ‘माझ्या मामाला आणि काकाला एकच शब्द? त्यांना फरक वाटत नाही का?’ मी त्यांना एक गोष्ट सांगते, आणि ती सांगितल्यावर हे शब्द कोणी विसरत नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत काका आणि मामा वेगळे होते. वडिलांच्या भावाला एक शब्द, आईच्या भावाला दुसरा, आत्याला तिसरा, मावशीला चौथा. १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, फ्रेंच ही राज्यकर्त्यांची भाषा झाली, आणि पुढच्या काही शतकांत अंकल, आंट, नेफ्यू, नीस, कझिन हे पाचही शब्द फ्रेंचमधून आले. जुने शब्द मागे पडले. आणखी मागे लॅटिनपर्यंत गेलं तर अंकलच्या मूळ शब्दाचा अर्थ होता मामा! फक्त मामा, काकाला लॅटिनमध्ये वेगळा शब्द होता. आंटचा मूळ अर्थ आत्या. कझिनचा मूळ अर्थ मावसभावंड. म्हणजे ज्या बारकाव्यांची आपल्याला सवय आहे ते या शब्दांच्या पोटात एकेकाळी होते, वापरता वापरता झिजून गेले.

घरातल्या आठांपैकी बहुतेक शब्द मात्र परके नाहीत. मदर आणि मातृ, फादर आणि पितृ, ब्रदर आणि भ्रातृ, डॉटर आणि दुहिता ही जोडपी एकाच मुळातली आहेत. संस्कृतचे इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचं मूळ एकच असावं असं मांडलं, त्यामागे अशीच साम्यं होती. विधवा आणि विडो हीसुद्धा त्यातलीच जोडी. आणि मला सगळ्यात आवडणारी: जुन्या इंग्रजीत सुनेला ‘स्नोरु’ म्हणत. संस्कृतात स्नुषा, मराठीत सून. इंग्रजीने तो शब्द टाकून दिला आणि ‘डॉटर-इन-लॉ’ घेतला, आपण मात्र तो अजून रोज वापरतो.

या ‘इन-लॉ’तला लॉ म्हणजे चर्चचा कायदा. लग्नाने जोडलेल्या कोणकोणत्या माणसांशी पुन्हा लग्न करता येणार नाही, हे त्या कायद्यात ठरलेलं होतं. बायकोची आई कायद्याच्या नजरेत आईच्या जागी, म्हणून मदर-इन-लॉ. हे लक्षात ठेवलं की जोड कुठे लावायची ते आपोआप कळतं: लग्नामुळे मिळालेली आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी. सासू, सासरे, जावई, सून इथे मराठीशी सरळ मेळ बसतो. गर्दी होते ती भाऊ आणि बहिणीत. दीर, मेहुणा, साडू, बहिणीचा नवरा हे सगळे ब्रदर-इन-लॉ. नणंद, जाऊ, मेहुणी, वहिनी या सगळ्या सिस्टर-इन-लॉ. आपल्याकडे इंग्रजी बोलताना जावेला को-सिस्टर आणि साडूला को-ब्रदर म्हणण्याची पद्धत आहे, पण बाहेरच्या इंग्रजी भाषकाला ते शब्द कळत नाहीत. सुनेच्या घरच्यांसमोर ते टाळा.

मग नेमकं नातं सांगायचं कसं? मराठी नेमकेपणा शब्दात ठेवते, इंग्रजी तो जोडणीत ठेवते. त्या जोडणीचं हत्यार म्हणजे आपल्या ‘चा-ची-चे’सारखा शेवटचा ‘स’. मामा म्हणजे ‘माय मदर्स ब्रदर’. आत्या म्हणजे ‘माय फादर्स सिस्टर’. जाऊ म्हणजे ‘माय हजबंड्स ब्रदर्स वाइफ’. आतेभाऊ म्हणजे ‘माय फादर्स सिस्टर्स सन’. हे ऐकायला लांबलचक वाटतं, पण इंग्रजी बोलणारी माणसंसुद्धा नेमकं सांगायची वेळ आली की असंच सांगतात. एरवी ते ‘माय अंकल’ म्हणून पुढे जातात, कारण ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा कोणत्या बाजूचा ते हवंच नसतं. थोडक्यात बाजू सांगायची असेल तर ‘माय अंकल ऑन माय मदर्स साइड’ एवढं पुरतं. अर्जात किंवा दवाखान्यात मॅटर्नल म्हणजे आईकडचा आणि पॅटर्नल म्हणजे वडिलांकडचा हे शब्द भेटतील. बोलताना ते फार औपचारिक वाटतात.

हा ‘स’ घट्ट बसवा. माझ्या अनुभवात नात्यांच्या इंग्रजीतलं निम्मं काम तो एकटा करतो. नुसतं ‘माय फादर सिस्टर’ म्हटलं तर ऐकणारा क्षणभर अडखळतो. फादर आणि सिस्टर अशी दोन माणसं आहेत की एक, हे त्याला कळत नाही.

एका जागी मात्र इंग्रजी मराठीपेक्षा बारकाईने बोलते. आपण सावत्र म्हणतो तेव्हा दोन वेगळी नाती एकाच शब्दात येतात. दोघांचे वडील एक, आई वेगळी, तर तो हाफ-ब्रदर, कारण निम्मं रक्त एक आहे. आणि तुमच्या आईने ज्यांच्याशी पुन्हा लग्न केलं त्यांचा आधीचा मुलगा हा स्टेपब्रदर, त्याच्याशी रक्ताचं नातं नाही. आई आणि वडिलांना हाफ लागत नाही, तिथे स्टेपमदर आणि स्टेपफादरच. दत्तक म्हणजे ॲडॉप्टेड. सुनेच्या घरात अशी नाती असू शकतात आणि ती माणसं स्वतःहून सहज सांगतील. ऐकताना हा फरक कळला की पुढचं बोलणं सोपं जातं.

शब्द आले तरी वाक्यात तीन ठिकाणी मराठी माणूस हमखास अडकतो. यातली पहिली जागा मी स्वतः पाहिली म्हणून सविस्तर सांगते.

एका विद्यार्थ्याची मुलाखतीची तयारी चालली होती. समोर त्याने भरलेला अर्ज होता. मी विचारलं, भावंडं किती? तो लगेच म्हणाला, ‘वी आर टू ब्रदर्स अँड वन सिस्टर.’ मी लिहून घेतलं. मग पुन्हा विचारलं, तर म्हणाला, ‘आय हॅव टू ब्रदर्स.’ अर्जात मात्र भावाच्या रकान्यात एकच नाव होतं. तो खोटं बोलत नव्हता. मराठीत ‘आम्ही दोघे भाऊ, एक बहीण’ म्हणताना माणूस स्वतःला मोजतो. इंग्रजीत ‘आय हॅव’ म्हटलं की स्वतःला वगळून मोजायचं असतं. त्याने बरोबर सांगायला हवं होतं ते ‘आय हॅव अ ब्रदर अँड अ सिस्टर’. एका माणसाचा फरक पडतो, आणि कागदाशी ताडून पाहणाऱ्या माणसासमोर तो फरक महागात जाऊ शकतो. तुम्ही आत्ताच बोटांवर मोजा: स्वतःचं बोट दुमडा, मग उरलेली मोजा. एकुलता एक असेल तर ‘ॲन ओन्ली चाइल्ड’; ‘आय ॲम ओन्ली वन’ नव्हे.

दुसरी जागा मनाची आहे. ‘माझे वडील आले आहेत’ हे वाक्य डोक्यात असतं, म्हणून तोंडून ‘माय फादर हॅव कम, दे आर सिटिंग’ निघतं. चूक आहे हे माहीत असूनही निघतं, कारण वडिलांना ‘ही’ म्हणताना ‘तो’ म्हटल्यासारखं वाटतं. साठीच्या एक बाई माझ्या वर्गात होत्या. सासऱ्यांबद्दल पाच वाक्यं सांगा म्हटलं तर पाचही वाक्यांत त्यांनी ‘माय फादर-इन-लॉ, माय फादर-इन-लॉ’ असं पूर्ण नातं उच्चारलं, ‘ही’ एकदाही आलं नाही. मी विचारलं तेव्हा हळूच म्हणाल्या, ‘जीभ उचलत नाही हो.’ मी त्यांना सांगितलं तेच तुम्हाला सांगते: इंग्रजी ‘ही’मध्ये तोही आहे आणि तेही आहेत. राजालाही ‘ही’, बाळालाही ‘ही’. त्या शब्दात अपमान ठेवायला जागाच नाही. इंग्रजीत आदर दिसतो तो बोलण्याच्या पद्धतीत, विनंतीच्या शब्दांत, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेण्यात. पुढच्या आठवड्यात त्या बाईंनी ‘ही वॉज अ काइंड मॅन’ असं वाक्य म्हटलं आणि त्यांचे डोळे भरून आले. सासरे वारले होते, म्हणून ‘वॉज’ बरोबरच होतं.

तिसरी जागा म्हणजे मुलगा आणि मुलगी. मराठीत या शब्दांचे दोन अर्थ आहेत, इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत. रस्त्यावर दिसला तो बॉय, आपला तो सन. ‘माय बॉय’ हे लाडाने म्हणतात, ओळख करून देताना ‘दिस इज माय सन’ म्हणा.

बाकीचे खाचखळगे लहान आहेत. ‘कझिन ब्रदर’ आपल्याकडे सर्रास चालतं, बाहेर नुसतं कझिन म्हणतात. मुलगा की मुलगी ते पुढच्या ‘ही’ किंवा ‘शी’वरून कळतं. सख्ख्या भावाला रिअल ब्रदर म्हणायची गरज नाही, नुसत्या ब्रदरचा अर्थच सख्खा. चुलतभावाचा मुलगा हा वंशावळीच्या भाषेत ‘फर्स्ट कझिन वन्स रिमूव्हड’ असतो, पण तुम्ही ‘माय कझिन्स सन’ म्हणा, सगळ्यांना कळेल. थोरला भाऊ एल्डर ब्रदर किंवा ओल्डर ब्रदर, दोन्ही चालतं. तुलना करताना मात्र ‘ओल्डर दॅन मी’च, तिथे एल्डर बसत नाही. ‘च्याशी लग्न केलं’ म्हणून ‘मॅरीड विथ’ म्हणू नका: ‘माय सन मॅरीड हर’, किंवा ‘ही इज मॅरीड टू हर’. नातेवाईक म्हणजे रिलेटिव्ह. रिलेशनशिप हा शब्द जपून वापरा, कारण कोणी ‘इन अ रिलेशनशिप’ आहे म्हटलं की त्याचा अर्थ प्रेमसंबंध. वारलेल्या माणसाबद्दल ‘एक्स्पायर्ड’ म्हणू नका. बाहेर तो शब्द औषधांच्या आणि कागदपत्रांच्या मुदतीसाठी आहे. ‘पास्ड अवे’ म्हणा. ‘माय लेट फादर’मधला लेट म्हणजे कैलासवासी, त्याचा उशिराशी संबंध नाही.

हाक मारण्याचं वेगळं. आपण ओळख करून देताना सासूबाई म्हणतो आणि हाक मारताना आई म्हणतो, म्हणजे सांगायचं नातं आणि हाकेचं नातं वेगळं असतं, हे आपल्याला नवीन नाही. इंग्रजीतही मदर-इन-लॉ अशी हाक कोणी मारत नाही. बरेच जण सासू-सासऱ्यांना पहिल्या नावाने हाक मारतात, काही जण मम किंवा मॉम म्हणतात. मम ब्रिटनकडे, मॉम अमेरिकेकडे. तुमची सून तुम्हाला नावाने हाक मारू लागली तर तिच्या मनात अनादर नसेल. तुम्हाला आई म्हटलेलं आवडणार असेल तर तसं सांगा: ‘प्लीज कॉल मी आई.’ हा शब्द तिला उच्चारायलाही सोपा आहे. आणि अनोळखी माणसांना अंकल-आंटी म्हणू नका, बाहेर ते फार विचित्र वाटतं.

उच्चारांत पाच शब्दांकडे लक्ष द्या. डॉटरमध्ये मधले जी-एच लिहायचे, उच्चारायचे नाहीत. हजार वर्षांपूर्वी तिथे घशातून ‘ख’सारखा आवाज होता, दुहितामधला ‘ह’ त्याच जागी आहे. सन म्हणजे मुलगा आणि सन म्हणजे सूर्य, स्पेलिंग वेगळं, उच्चार एकच. कझिनमधला एस ‘जोर’मधल्या ‘ज’च्या जवळचा. नीस लिहिताना आय आधी, ई नंतर. आंटला अमेरिकेत बहुतेक लोक ॲंट म्हणतात, मुंगीसारखं. ऐकून दचकू नका.

अर्ज भरायचे असतील तर आणखी चार-पाच शब्द कामाचे. स्पाउस म्हणजे पती किंवा पत्नी, जो कोणी असेल तो. सिब्लिंग म्हणजे भाऊ किंवा बहीण. मेडन नेम म्हणजे माहेरचं आडनाव. डिपेंडंट म्हणजे तुमच्या कमाईवर अवलंबून असलेला. आणि नेक्स्ट ऑफ किन म्हणजे सगळ्यात जवळचा नातेवाईक, ज्याला काही झालं तर पहिल्यांदा कळवायचं. हा शेवटचा शब्द दवाखान्याच्या कागदावर अचानक समोर येतो आणि त्या वेळी कोणाला विचारायला सुचत नाही, म्हणून आत्ताच लक्षात ठेवा.

आता सराव. एक मोठा कागद घ्या, मधोमध ‘मी’ लिहा. वर आई-वडील, त्यांच्या वर आजी-आजोबा, बाजूला भावंडं, खाली मुलं. प्रत्येक चौकटीत खरं नाव लिहा, कारण ‘अंकल’ हा शब्द विसरतो पण आपला मामा विसरत नाही. मग रोज तीनच माणसं निवडा आणि प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं मोठ्याने म्हणा: पहिलं नात्याचं, दुसरं त्या माणसाचं. ‘शी इज माय फादर्स सिस्टर. शी टॉट मी टु रीड.’ आत्यानेच तुम्हाला वाचायला शिकवलं असेल तर हे वाक्य तुम्हाला पाठ करावं लागणार नाही. तीन आठवड्यांत सव्वाशेच्या आसपास वाक्यं होतात, आणि त्या तेरा शब्दांतला एकही राहत नाही. चौथ्या आठवड्यात कागद घरातल्या कोणाच्या तरी हातात द्या आणि बोट ठेवून नाव वाचायला सांगा; बोट जिथे पडेल त्या माणसाची ओळख तुम्ही न बघता करून द्यायची.

शेवटी तुमच्या प्रसंगाचं. सुनेचे आई-वडील तुमचे व्याही आणि विहीणबाई, आणि या दोन सुंदर शब्दांना इंग्रजीत जोडच नाही. काही लोक ढोबळपणे त्यांनाही इन-लॉज म्हणतात, पण सरळ वाक्य उत्तम. विहीणबाईंची ओळख कोणाला करून द्यायची असेल तर म्हणा, ‘दिस इज माय डॉटर-इन-लॉज मदर.’ ‘स’ शेवटच्या लॉला लागतो, डॉटरला नाही. सुना दोन असतील तर मात्र अनेकवचनाचा ‘स’ डॉटरला लागतो: डॉटर्स-इन-लॉ. आणि पहिल्या भेटीत त्यांच्याशी बोलताना, नाव विचारून झालं की, ‘इन माय लँग्वेज वी हॅव अ वर्ड फॉर अस. यू आर माय विहीण.’ हे वाक्य मी माझ्या एका विद्यार्थिनीला लिहून दिलं होतं. समोरच्या बाईंनी ‘विहीण’ हा शब्द चार वेळा म्हणून पाहिला आणि मग दोघी बराच वेळ एकमेकींना आपापल्या घरातल्या नात्यांचे शब्द शिकवत बसल्या.